करडई मंजिलमधले पाच दिवस

मुक्काम मुरूम, ता. २५ इस्फंदार, १३५४ फसली

तीर्थरूप हणमंतप्पा अण्णा यांच्या पायांवर डोकं ठेवून तुमचा मेहुणा शांतलिंग याचे शरणु शरणार्थी.

अण्णा, गुडघा कसा आहे? सोलापुरात यंदा थंडी जास्त आहे असं ऐकतो. घोंगड्यांच्या दुकानात जन्म काढलात, आता त्यातलं एखादं स्वतःच्या गुडघ्यावरही पडू द्या. वहिनींचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. नसेल उतरला तर तसं कळवा, घरच्या माणसाला खोटं कशाला लिहायचं? इकडे सर्व क्षेम आहे. (म्हणजे शाळा जागेवर आहे, आडाला पाणी आहे, ज्वारी हुरड्यात आली आहे. क्षेम याहून काही निराळं असतं का, ते मला ठाऊक नाही.)

तुमचं कार्ड पोचलं. अणदूरच्या खंडोबाला येताना जहागीरदारसाहेबांच्या नव्या ‘आरामगाह-ए-देहात’मध्ये दोन दिवस खोली घ्यावी का आणि त्या खोलीत काय काय मिळतं, असं तुम्ही विचारलं आहे. योग्य माणसाला विचारलंत. मी नुकताच तिथून कपाळावर तीन टेंगळं घेऊन आलो आहे.

झालं असं, की जहागीरदारसाहेब कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. तिथं मोठमोठी माणसं हौसेनं झोपड्यांत राहतात हे पाहून आले, आणि आल्या आल्या त्यांनी नळदुर्गच्या अलीकडे, सडकेपासून कोसभर आत, एक खेडं बांधायला काढलं. आपल्या जिल्ह्यात खेडी कमी पडली होती म्हणून नव्हे. पण आहेत त्या खेड्यांना वास येतो, आणि तिथली माणसं कामात असतात. हैदराबादचे पाहुणे यायच्या आधी कुणीतरी लिहिता-वाचता शरीफ माणूस आठ दिवस राहून शुद्ध उर्दूत आपली राय लिहून देईल तर बरं, असं तिथले मुंतजिम, म्हणजे कारभार पाहणारे, बाकरअली यांच्या मनात आलं. तहसीलदारसाहेबांनी माझं नाव सुचवलं. राहणं-खाणं फुकट. मला खेड्यात राहायची हौस नव्हती (खेड्यातून बाहेर पडण्यात माझी पहिली वीस वर्षं गेली), पण हकीम म्हणाले होते, नीलम्माला हवापालट पाहिजे. तुमच्या बहिणीचं कसं झालं होतं ते तुम्ही श्रावणात पाहून गेलाच आहात. आमची लेक बाळंतपणात गेली त्या दिवसापासून ‘भाकरी वाढू का’ आणि ‘पाणी तापलंय’ यापलीकडे तिचा शब्द नव्हता. मी म्हटलं, हवा बदलून बघू.

सडकेवर मोटारीतून उतरलो तर बैलगाडी उभी. बैलांच्या शिंगांना इतके गोंडे, की पोळा चुकून माघात आला असं वाटावं. वेशीत बाकरअली स्वतः आले. फार अदबशीर माणूस. “आओ मास्टरसाब, आओ. असली देहात है, एकदम असली.” मी असली देहातात जन्मलो असल्यामुळं नुसतं गोंड्यांकडे पाहिलं. झोपड्यांना नावं दिली आहेत : ज्वारी मंजिल, तूर मंजिल. आमच्या वाट्याला करडई मंजिल आली. (करडईला काटे असतात हे हैदराबादेत कुणाला ठाऊक नसावं.) दार मुद्दाम ठेंगणं केलं आहे, पाहुण्यानं वाकून आत यावं म्हणून. मी आत जाताना वाकलो आणि बाहेर येताना विसरलो. पहिलं टेंगूळ तिथलं. बाकीची दोनही तिथलीच.

आता खोली. भिंती पक्क्या विटांच्या आहेत, वरून मातीचा लेप आणि लेपावर चिताऱ्याकडून काढून घेतलेल्या भेगा. जमीन सारवलेली आहे, पण शेणाचा वास मोठ्या लोकांना सोसायचा नाही म्हणून शेणात गुलाबपाणी घातलेलं. त्यामुळं शेणाच्या माशा आणि गुलाबाच्या मधमाश्या अशा दोन्ही जमाती खोलीत गुण्यागोविंदानं नांदतात. सकाळी पूजा आटोपून मी विभूतीची वडी कोनाड्यात ठेवायला गेलो, तर कोनाडाही रंगवलेला. वडी खाली पडून तिचे चार तुकडे झाले. छपरावर उसाचं पाचट आहे, ते उलटं घातलेलं. नीलम्मानं आत पाय टाकताच वर पाहिलं आणि नजर खाली घेतली. तिच्या ओठांचा कोपरा हलला असं मला वाटलं. दाराशी एक म्हातारा बैल बांधलेला आहे, देखाव्याकरता. त्याला दुसरं काम नसल्यामुळं तो दिवसभर आमच्या भिंतीला अंग घासायचा आणि माझ्या अंगावर रंगवलेल्या भेगांची खरी माती पडायची.

बाजेबद्दल लिहू की नको असं झालं आहे, पण तुम्ही वहिनींना घेऊन जाणार म्हणून लिहितो. बाज एकच आहे, रुंद आणि सैल विणीची. तिच्यावर दोन माणसं निजली की दोघंही मधोमध गडगडत येतात. ज्यांचं बोलणं आहे अशांना ते बरं असेल. आम्ही दोघं दोन काठांना धरून काही वेळ पडलो. मग ती उठली आणि जमिनीवर चटई टाकून निजली. मी मधल्या खोलगटात एकटा.

तिसऱ्या दिवशी माझी अब्रू गेली. अंघोळ विहिरीवर, पोहऱ्यानं पाणी शेंदून करायची असा तिथला नियम आहे. मी लंगोट लावून, कपाळी विभूती लावून पाणी शेंदत होतो. तेवढ्यात हैदराबादचे दोन वकील आणि त्यांच्यातल्या एकाचे सासरे मोटारीतून जागा पाहायला आले. सासऱ्यांकडे दुर्बीण होती. पाच हातांवरून त्यांनी ती माझ्यावर रोखली आणि विचारलं, “ये असली है क्या?”

“हौ जी,” बाकरअली म्हणाले, “एकदम असली.”

एखादा फारसी शेर म्हणून आपली इयत्ता दाखवावी असं माझ्या मनात आलं होतं. पण अंगावर फक्त लंगोट असला की माणसाला फारसी आठवत नाही. मी पाणी ओतून घेतलं. ते लोक अंघोळ संपेपर्यंत उभे होते.

जेवण खानसाम्याच्या हातचं. खानसामा हैदराबादचा, मुंडासं खेड्याचं. त्याची भाकरी पाटीसारखी होती. लिहून पुसता आली असती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ताटात पडली तेव्हा नीलम्मा उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. “सरा बाजूला,” असं ती त्याला म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. “पीठ शिळं हाय तुमचं. असल्या पिठाची भाकर थापत न्हाय, फुटती.” अण्णा, सहा महिन्यांत एवढी लांब वाक्यं मी ऐकली नव्हती. पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला.

ताजं पीठ कुठं मिळेल म्हणून ती अंगणात गेली. तिथं अणदूरची दगडाबाई नावाची एक बाई बसते. बहुतेक खेडूत तिथं हैदराबादहून आणलेले आहेत, ही बाई मात्र खरी. तिचं काम जातं फिरवणं. रिकामं जातं, कारण पीठ उडून पाहुण्यांचे कपडे खराब होतात.

“रिकामं जातं फिरवू नये, बाई,” नीलम्मा म्हणाली. “दगड दगडाला खातो.”

“मला बी ठावं हाय की,” दगडाबाई म्हणाली. “पर सायबाला निस्ता आवाज पायजे.”

नीलम्मानं कुठून तरी सूपभर ज्वारी आणवली आणि तिच्या समोर बसली. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा बसली. मी करडई मंजिलमध्ये बाजेवर होतो. अंगणाकडची भिंत एका विटेची आहे, ही गोष्ट इश्तिहारात, म्हणजे जाहिरातीत, लिहिलेली नाही, म्हणून मी कळवतो. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येतो. नीलम्मा ओवी म्हणत होती.

दळण दळिते, मूठ टाकिते जोंधळ्याची
सय येते गं मला मल्लम्माच्या पाळण्याची

पोरीला जाऊन आठ दिवस झाले तेव्हा मीच म्हटलं होतं, आता पुरे, या घरात ते नाव पुन्हा काढायचं नाही. मी तिसऱ्याच दिवशी शाळेत हजर झालो होतो. मास्तर धीराचा माणूस, असं गाव म्हणालं, आणि मलाही तसंच वाटलं.

जात्याचा आवाज थांबला. दगडाबाईनं विचारलं, “कवा गेली लेक?” आणि नीलम्मानं त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. दोन दिवस कळा येत होत्या ते सांगितलं. मला बोलवायला शाळेत माणूस पाठवला, त्या दिवशी तपासणी होती, मी तासाभरात येतो म्हणून निरोप दिला, तेही सांगितलं. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. पोरीनं दोनदा विचारलं होतं, “अप्पा आले का?” पहिल्यांदा नीलम्मा म्हणाली, निघालेत. दुसऱ्यांदा म्हणाली, आले, पाय धुताहेत.

मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण त्या बाजेतून एकट्या माणसाला चटकन उठता येत नाही. निदान त्या दिवशी मी स्वतःला तसं सांगितलं.

दुपारी तिनं मला भाकरी वाढली. पातळ, पापुद्रा सुटलेली. मी दोन खाल्ल्या. पाचव्या दिवशी बाकरअलींच्या वहीत मी लिहिलं, ‘खोली हवेशीर असून भिंती पाहण्यासारख्या आहेत,’ आणि मुक्काम आटोपता घेऊन मुरूमला आलो.

तेव्हा अण्णा, माझा सल्ला असा, की दर्शन घ्या आणि अणदुरात कुणाच्याही ओसरीवर पथारी टाका. त्या खोलीत पाऊल ठेवू नका. वहिनींना शरणार्थी, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
शांतलिंग

ता. क. वर ‘सर्व क्षेम’ लिहिलं ते हात सवयीनं लिहून गेला. नीलम्मा इथं नाही. ती तिथंच राहिली आहे, आज सोळावा दिवस. बाकरअलींनी स्वयंपाकघर तिच्या हवाली केलं आहे आणि निजायला ती दगडाबाईकडे असते. मी निघताना म्हटलं होतं, “चल, जातं घरी बी हाय की.” ती म्हणाली, “जातं हाय. पर घरी तुमी हाव.” रागानं नाही म्हणाली. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवावं, म्हणून हे पत्र.

ता. क. दुसरा. तुम्ही तिचे थोरले भाऊ, ती तुम्हाला काही लपवणार नाही. म्हणून विनंती, की वर काहीही लिहिलं असलं तरी तुम्ही त्या आरामगाहमध्ये खोली घ्याच. दोन नव्हे, चार दिवस राहा. करडई मंजिलच मागा. तिनं माझी चौकशी केली तर उलट टपाली कळवा. नाही केली तर गुडघ्याचं लिहा, मी समजेन.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी सुचलं ते लिहितो. ‘परत ये’ असं तिला सांगू नका. मी तिकडं आलो तर चालेल का, एवढंच विचारा. मला दळता येत नाही, पण समोर बसता येईल. ती दगडाबाईला जे सांगते ते मला एकदा समोर बसून ऐकायचं आहे. खोली कसलीही चालेल.