आरशात दिसेल असं उभं राहावं

९ ऑक्टोबर

प्रिय विनू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र फिरत फिरत पोचलं. "दादा, तू पत्ता का लिहीत नाहीस?" हा तुझा नेहमीचा प्रश्न. चाकांवर घर असलेल्याला पत्ता विचारणं म्हणजे वाऱ्याला गोत्र विचारणं. तुझ्या राजाभाऊंचा गुडघा सुधारल्याचं वाचलं. स्वभावाविषयी काही लिहिलं नाहीस, तेव्हा तो होता तसाच असावा.

या उन्हाळ्यात आम्ही समुद्रकाठच्या सरकारी उद्यानात यजमान होतो. शब्दाने हुरळू नकोस. इथली यज्ञकुंडं म्हणजे तंबूवाल्यांच्या शेकोट्यांची लोखंडी कडी. त्यातली राख मी उपसतो, जळण विकतो आणि संडास धुतो. एम. ए.ला व्याकरणात पहिला आलेला तुझा भाऊ सध्या फिनेलमध्ये पारंगत आहे. मोबदल्यात आमचं चाकांवरचं घर, म्हणजे ही आरव्ही, उभी करायला जागा, वीज आणि पाणी फुकट. तिला मी पुष्पक म्हणतो, लोर्ना डबा म्हणते.

जागा मात्र जोडप्यालाच मिळते, कारण काम दोघांचं धरलेलं असतं. जागेच्या तोंडाशी यजमानांच्या नावांची पाटी टांगायची रीत आहे. आमची लोर्नाने स्वतः लाकडावर डागून केली: "लोर्ना आणि मुक." मुकुंद इथल्या जिभांना झेपत नाही.

हवा छान होती. ब्लॅकबेरी उदंड.

वहिनी कशी आहे, असंही तू विचारतेस. बरी आहे. जूनमध्ये लेकीच्या, टेसच्या, बाळंतपणाला डोंगरापलीकडे गेली. नातू झाला. गुटगुटीत आहे म्हणतात.

आता एक गंमत सांगतो. आरव्ही मागे घेऊन जागेत बसवणं हा इथला खरा विवाहसंस्कार. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातांनी खुणा करते आणि शेजारी खुर्च्या टाकून बीअर पीत बघतात. नियम एकच: खुणा करणाऱ्याने आरशात दिसेल असं उभं राहावं, आणि आरशात माणूस दिसेनासं झालं की थांबावं. जुलैत हॅरल्ड नावाचे एक गृहस्थ आले.

"अगं, हे काय हातवारे? विमान उतरवतेयस का?"

"विमान असतं तर पायलट शिकलेला असता!" मागून त्यांची बायको.

ती आरशातून दिसेनाशी झाली, तरी हॅरल्ड थांबले नाहीत. नळाचा खांब मोडला. कारंजं उडालं. बाई चिंब होऊन त्यांच्या खिडकीशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता दिसले का मी?"

सगळे पोट धरून हसले. मी नळाची कळ बंद करायला धावलो. मला काही फारसं हसू आलं नाही.

मोडका खांब बघायला आमची रेंजर ग्रेटा आली. टेसच्याच वयाची आहे, पण नजर तपासनिसाची.

"पाणी तुम्ही बंद केलंत, राख तुम्ही काढता, जळणही तुम्हीच विकता. लोर्ना कुठेय?"

"नातवाकडे. लहान आहे तो."

"नातू लहानच असतात, मुक. पुढच्या वर्षी मला इथे दोघं हवीत. वरच्या रानात एकट्यासाठी जागा आहे, ती हवी तर ती देते. तुम्ही एकटे आहात का, तेवढं सांगा."

"हंगाम संपता संपता सांगतो," म्हटलं.

लोर्ना जुलैत यायची होती. मग ऑगस्टात. मग फोनवर म्हणाली, "टेसच्या गल्लीत मी घर भाड्याने घेतलंय. मला न हलणारं घर हवंय, मुक. आणि बुडून आंघोळ करता येईल असा टब. तुला यायचं तर ये. मी बोलवणार नाही, आणि त्या डब्यात परतही येणार नाही."

मी म्हटलं, "बरं." माझ्या वक्तृत्वाची कल्पना तुला आहेच.

सप्टेंबरच्या शेवटी पाटी काढून सीटखाली ठेवली. ग्रेटाला म्हटलं, वरची जागा दुसऱ्या कुणाला दे. तिने माझा हात तेवढा घट्ट हातात घेतला. मग डोंगर ओलांडला. लोर्नाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं, तर उत्तर आलं असतं.

तिच्या घराशेजारी बोळवजा अंगण: इकडे शेजाऱ्याचं कुंपण, तिकडे सफरचंदाचं झाड. पुष्पक मागे घ्यायला लागलो. आरशात कुंपण दिसत होतं, झाड दिसत होतं, माणूस नव्हतं. नियमाप्रमाणे थांबलो. इंजिन चालू, तुझा भाऊ रस्त्यात आडवा, मागे दोन गाड्या भोंगे वाजवताहेत.

मग आरशात लोर्ना दिसली. कडेवर नातू, मोकळा हात वर. नेमकी दिसेल अशी उभी.

"डावीकडे. अजून. अजून थोडं... बस!"

मी उतरलो. ती म्हणाली, "चाकांखाली ठोकळे घाल, उतार आहे." आणि आत गेली. मी ठोकळे घातले. एवढ्यावरच संपलं असं वाटलं. तेवढ्यात गॅरेजची खिडकी उघडली आणि विजेच्या वायरचं टोक बाहेर आलं.

"हे घे. हीटर आणि किटली एकदम लावू नकोस, फ्यूज उडतो."

याला आता आठवडा झाला. झोपतो पुष्पकातच. आंघोळीला आत जातो. टब खरोखरच चांगला आहे. पाटी सीटखालीच आहे. तिने विचारली नाही, मी काढली नाही.

तू मागितलेला पत्ता खाली देतो आहे. तूर्त पेन्सिलीने.

तुझा,
मुकुंददादा
द्वारा लोर्ना