वरच्या वळणाची चाळीस रोपं

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. आमचं जंगल-उद्यान पाहुण्यांसाठी खुलं होऊन वर्ष झालं, आणि जिने त्याची निम्मी रोपं वाढवली तिने तेव्हापासून एकदाही आत पाऊल ठेवलेलं नाही. डोंगरावर उजाड खाण होती तिथे आता भर दुपारीही सावली असते. दिवसाला साठच माणसं सोडतो, तीही पायी, आणि फाटकावर मी प्रत्येकाच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेते. लोक माझ्या नावाने बोटं मोडतात.

उद्यानाचे साहेब म्हणाले, मावशींना बोलवा, रोपवाटिकेवर त्यांच्या नावाची पाटी लावू. गेल्या वेळी तुझे गुडघे आडवे आले, त्याआधी मांजर. या वेळी काय?

लोभ आहेच, तो तुझ्या गुडघ्यांपेक्षा टिकाऊ निघो.
तुझी चिमणी

दि. १२ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मांजर आणि गुडघे दोन्ही ठणठणीत आहेत. खरं सांगते, मग पाटीचं काय ते ठरव.

रोप लावताना त्याची प्लास्टिकची पिशवी ब्लेडने फाडून काढायची, नाहीतर मुळं आतल्या आत गुंडाळत राहतात, हे मीच साऱ्यांना शिकवलं. लागवडीच्या शेवटच्या दिवशी वरच्या वळणावरची चाळीस रोपं माझ्या वाट्याला होती. तू चार वर्षांची, तापाने फणफणलेली, आणि तुझी आई परगावी. शेजारीण धावत बोलवायला आली. मी चाळीसच्या चाळीस रोपं पिशव्यांसकट खड्ड्यात ठेवली, माती ओढली आणि पळत सुटले. उद्या उकरीन म्हटलं. तुझा ताप आठ दिवस हटला नाही. नंतर गेले तर रोपं हिरवीगार, आणि सगळे माझी पाठ थोपटत होते. बोलायला जीभ रेटली नाही.

तू एकेक पिशवी काढून घेतेस आणि मी तिथे चाळीस पुरून बसले आहे. कोणत्या तोंडाने आत येऊ? तापाची सबब सांगत नाही, चूक माझीच. ती झाडं आहेत की गेली, तेवढं बघून कळव. गोड करून सांगू नकोस.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.
मावशी

दि. २७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून फाटकाच्या खोलीतच रडू फुटलं. तिकीट घ्यायला आलेल्या आजोबांनी उलट मलाच पाणी दिलं.

गोड करत नाही. जुन्या माळीकाकांना घेऊन वरच्या वळणावर गेले. एकोणचाळीस झाडं नाहीत. काही वाळली, बाकीची सहा वर्षांपूर्वीच्या वादळात मुळासकट उलटली. मुळांना काळं प्लास्टिक होतं, काकांनी तेव्हाच पाहिलं होतं. कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुझ्या मावशीची बाकीची हजारो उभी दिसत होती ना.

तिथे मोकळं झालं, ऊन आलं, कुणी न लावलेली फळझुडपं उगवली. आता सकाळी सगळी पाखरं तिथेच गोळा होतात, म्हणून आम्ही पाहुण्यांसाठी बाक ठेवला आहे. म्हणून चूक बरोबर ठरत नाही, हे तू म्हणशीलच.

चाळिसावं उभं आहे. उंबर, जरासा वाकडा. मुळांनी पिशवी फाडली; एक चिंधी अजून मुळांच्या बेचक्यात अडकली आहे. मी काढली नाही. साहेबांनाही काही बोलले नाही.

मी तापात होते ते मला आठवतसुद्धा नाही गं. ये ना.
तुझीच चिमणी

दि. ५ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रविवारी पहिल्या गाडीने येते. फाटकावर माझीही झडती घे, सवलत नको. साहेबांना सगळं मी सांगेन; त्यानंतरही पाटी लावावीशी वाटली तर लावोत, नाहीतर मला तो बाक पुरे. शिवणाच्या डब्यातलं जुनं ब्लेड सोबत आणते. रोपवाटिकेतल्या मुलींना पिशवी फाडून दाखवीन, आणि का ते सांगेन.

तो दिवस पुन्हा आला तरी मी तुझ्याकडेच धावेन. फक्त नवव्या दिवशी ब्लेड घेऊन डोंगर चढेन.

वरच्या वळणापर्यंत माझा हात धर. पुढे तू बाकावर बसून राहा. ती चिंधी मला माझ्या हाताने काढायची आहे.

भेटीपर्यंत जीव लावून राहा.
मावशी