विसरणाऱ्यांसाठी एक फूल

सोमवार, ३
उद्यापासून निधी-सप्ताह. विसरणाऱ्या माणसांच्या आश्रमासाठी रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायचं, पैसे टाकेल त्याच्या छातीवर निळं कागदी फूल लावायचं. हिला घरी एकटं ठेवता येत नाही — परवा गॅस उघडाच! बरोबर नेणार. शेजारीण म्हणाली, "लोक बघतील हो." बघू देत.

मंगळवार, ४
बँकेच्या फाटकाशी उभे राहिलो. जन्मभर बस चालवली, टाचणीची सवय कुठली! दोघांना टोचली. तिसऱ्याच्या वेळी हिनं ती माझ्या हातातून काढूनच घेतली. कापडात आत, बाहेर, टोक पुन्हा आत. "आता नाही टोचणार." चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. नवऱ्याचं तोंड विसरली, बोटं काही विसरली नाहीत.

बुधवार, ५
आज माझ्याचपुढे येऊन उभी! "काका, टाका ना काहीतरी. विसरणाऱ्या माणसांसाठी आहे. बिचाऱ्यांना घरचीसुद्धा ओळखू येत नाहीत म्हणे!"
काका! हसावं की रडावं?
नोट टाकली. हिनं फूल लावलं, वरून हात फिरवून सदरा सारखा केला. घरी मी केस विंचरायला गेलो तरी अंग चोरते, ओरडते. आज आपणहून हात लावला. किती महिन्यांनी!

गुरुवार, ६
पाच वेळा फूल घेतलं. पाचही वेळा नवं गिऱ्हाईक.

शुक्रवार, ७
लेक आली. "बाबा, आईला आश्रमातच ठेवू या. तुम्ही एकटे किती दिवस ओढणार?" मी खेकसलो, "मी मेलोय का?" भर रस्त्यात डोळे पुसायला लागली पोर. चुकलंच माझं. तेवढ्यात हिनं तिलाही फूल लावलं.
"कुणाची गं तू?"
"तुमचीच."
"गोड आहे हो मुलगी," ही मला म्हणाली.

शनिवार, ८
बाटलीत पाणी भरायला वळलो — ही गायब! दोन तास वेड्यासारखा फिरलो. मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानात सापडली, मशीनवर बसलेली. शिंपी भला माणूस. "आजी म्हणाल्या, कामाला उशीर झालाय. बसू दिलं."
मी हात धरला तर किंचाळली. "सोडा! हा कोण माणूस? मला कुठं नेतोय?" माणसं जमली. एकानं माझी गचांडी धरली. खिशातला आमचा लग्नाचा फोटो काढून दाखवावा लागला. पन्नास वर्षांच्या संसाराचा पुरावा — रस्त्यावर, परक्यांना!
ही भिंतीला चिकटून थरथरत होती. कुणाला भिऊन? मला.
घरी येऊन लेकीला फोन केला. म्हटलं, "तू म्हणतेस तसं करू."

मंगळवार, ११
ठेवून आलो. निघताना मागे वळून पाहिलं नाही. तिनंही नाही.

बुधवार, १२
सवयीनं दोन कप चहा केला.

गुरुवार, २०
आज पहिल्यांदा भेटायला सोडलं. दारातूनच ऐकलं — "अहो, ऐकलंत का!" तिचाच आवाज. धावलोच!
शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला म्हणत होती. त्यानं "ओ" दिली.