कोरी स्लाइड

१७ जून, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतोय. दादा तुझ्या शिवणयंत्राची खोली आवरायला बसला आणि दुप्पट पसारा करून उठला. तुझ्या तान्ह्या ठकीचं वजन पाव किलोने वाढल्याचं तुझ्या आईंनी कळवलं. शिरेतून पोषण सुरू केलं तेच बरं झालं.

एवढं लिहायला चार कागद फाडले. माझा तोंडाचा पट्टा तुला ठाऊक आहे, पण आज तो चालत नाही.

तुझ्या माहेरच्या डॉक्टरांनी ठकीच्या रक्ताची जनुकांची तपासणी केली, तिचा निकाल आमच्या लॅबमध्येही आला. आतड्याच्या अस्तरात काही मोजक्या पेशी हार्मोन बनवतात. अन्न आलं, आता ते शोषून घ्या, असं त्या बाकीच्यांना कळवतात. ठकीच्या एका जनुकात बिघाड आहे, त्यामुळे तिच्या आतड्यात या पेशी तयारच झाल्या नाहीत. म्हणून दूध दिलं की जुलाब. तुझ्याकडे आणि दादाकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली, म्हणून तुम्ही धडधाकट. ठकीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. यात कुणाचा दोष नाही. तुझा तर नाहीच नाही.

आणि मी काय म्हणाले होते? बाटल्या नीट उकळत नाहीस. आईसमोर, दादासमोर, दोन वेळा. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे चूक स्वयंपाकघरातच असणार, असं ठासून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

कारण तो रिपोर्ट माझ्यामुळे नॉर्मल होता, वहिनी.

मार्चमध्ये ठकीच्या आतड्याचा तुकडा आमच्याकडे आला. साध्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, सगळं छान दिसलं. मग त्या हार्मोनच्या पेशींचा खास रंग मी लावला. त्या तपकिरी दिसायला हव्यात. स्लाइड कोरी. एकही ठिपका नाही. शेजारी दुसऱ्या माणसाचा चांगला तुकडा ठेवतो आम्ही, रंग बसला की नाही हे कळावं म्हणून. त्यावर ठिपके होते. मी ते पाहिलं. पण बारा वर्षांत एकही पेशी नसलेलं आतडं मी पाहिलं नव्हतं. वाटलं, आपलाच हात चुकला. त्या आठवड्यात दोन स्लाइड बिघडवल्या होत्या, तिसरी दाखवायची लाज वाटली. ती स्लाइड कचऱ्यात टाकली आणि साहेबांना म्हणाले, "पेशी आहेत सर." त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

लाज कशाची वाटावी, हेही मला कळलं नाही बघ.

परवा तोच तुकडा पुन्हा रंगवला. पुन्हा कोरा. साहेबांना सगळं लेखी दिलंय. कामावरून तूर्त घरी बसवलंय, ते योग्यच आहे. पण ठकी तीन महिने सुकत गेली आणि तू लेकराला उचलून माहेरी गेलीस, त्याची भरपाई कोणत्या कागदावर करू?

दादा उद्या तुझ्याकडे यायला निघतोय. त्याला अजून काही माहीत नाही. हे पत्र त्याच्याच हाती देणार आहे. तू वाच आणि मग तूच त्याला सांग.

इथवर लिहून थांबले, तेव्हा कळलं की पुन्हा तेच करतेय. माझं ओझं तुझ्या गळ्यात. मग दादाला समोर बसवलं आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी तिला जाऊ दिलं गं. दारापर्यंतसुद्धा गेलो नाही."

उद्यापर्यंत थांबवत नाही म्हणाला. आता बूट घालतोय. पत्रासाठी हात पुढे केलाय.

त्याला आत घे. मला घेऊ नकोस, निदान इतक्यात नको.

तुझी गुन्हेगार,
नणंद