किती तासांचं गेलं तर चालेल

३ नोव्हें., सोमवार
साहेबांनी आल्या आल्या बोलावलं. आपण ज्यांना स्टिअरिंगचे पार्ट देतो त्या मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. सर्व्हर जळाला, बुडाला, कुणी हॅक केला, तर परत उभे कसे राहाल याचा लेखी प्लॅन द्या. २४ तारखेला त्यांचा ऑडिटर येणार. त्याला पटलं तर नवी ऑर्डर.
साहेब: "आयटी तुम्ही बघता, तुम्हीच लिहा. मला फक्त एक आकडा हवाय. सगळं बंद पडलं, तर शेवटच्या किती तासांचा डेटा गेला तरी आपण तगू?"
म्हटलं, सांगते. अकरा वर्षं या कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतेय आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता, ते जास्त लागलं.

४ नोव्हें.
वही घेऊन खात्याखात्यात फिरले. सगळ्यांना तोच प्रश्न, किती तासांचं गेलं तर चालेल?
अकाउंट्स: "एक दिवसाचं गेलं तर परत टाकू, बिलं फायलीत आहेत." डिस्पॅच: "एक मिनिटाचंही नाही." हे तेच डिस्पॅच, जे आठवडाभराच्या गाड्यांच्या नोंदी शनिवारी एका बैठकीत भरतात.
शेवटी भट्टीवर. ढमाले काका इथलेच, महाळुंग्याचे. कंपनी सुरू झाली तेव्हापासून भट्टी तेच बघतात. रुमालानं तोंड पुसलं नि म्हणाले, "कंचा तास म्हन्ता मॅडम? भट्टी रिकामी आसंल तर दिवस गेला तरी कुनाचं काय जात न्हाई. माल आत आसताना दहा मिनटं गेली तर समदा लॉट भंगारात. तापमानाची नोंद न्हाई तर त्यो पार्ट गाडीला लावायचा कुनी?"
एवढ्या माणसांत प्रश्न यांना एकट्यांना कळला. बोलताना तीनदा खोकले. तापलेले पार्ट बुडवतात त्या तेलाच्या टाकीचा धूर तिथं सरळ तोंडावर येतो.

५ नोव्हें.
व्हेंडरचे भाव आले. सगळ्या डेटाची कॉपी दिवसातून एकदा बाहेर पाठवायची, हे स्वस्त. तासाला एकदा, फारच महाग. क्षणाक्षणाला, तो कागद साहेबांना दाखवलाच नाही.
साहेब: "अकरा वर्षांत आपला डेटा किती वेळा गेला?"
"एकदाही नाही."
"मग दिवसाचं घ्या. तासाच्या पैशात भट्टीवर धूर ओढणारं हूड बसतं. ढमाले तीन वर्षं मागतायत. तुम्हीच सांगा, आधी काय?"
जे कदाचित कधीच होणार नाही त्याच्यावर पैसे घाला, आणि जे रोज होतंय ते राहू द्या, असं कसं म्हणायचं? पण काकांचं बोलणंही डोक्यातून जात नाही. माल आत असताना दहा मिनिटं.

६ नोव्हें., गुरुवार
गुरुवारची सुट्टी, तरी गेले. ऑडिटरसमोर कॉपीवरून डेटा परत उभा करून दाखवायचा आहे, त्याची तालीम रिकाम्या ऑफिसात बरी. आमची पद्धत अशी: रोजची कॉपी सर्व्हरच्याच खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर, आणि दर गुरुवारी पूर्ण कॉपी नेटवरून कंपनीच्या भोसरीच्या ऑफिसात. आग लागली तर ही भोसरीचीच काय ती उपयोगाची. तिला तीन तास लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी लावलेली. दहाला फोनवर नेहमीची मेल: ‘साप्ताहिक कॉपी सुरू झाली.’
साडेदहाला दिवे गेले. खाली आले तर आमचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई पॅनेलजवळ स्टुलावर डबा खात बसलेले.
"लाइट गेली का?"
"गेली नाही, मी काढली. जूनमध्ये पॅनेल गरम होऊन वास आला होता ना? तेव्हापासून गुरुवारी ऑफिसचा मेन बंद ठेवतो. भट्टीची लाइन वेगळी आहे. संध्याकाळी टाकून घरी जातो."
"दर गुरुवारी?"
"एक पण गुरुवार सोडला नाही, मॅडम."
शाबासकीची वाट बघत असावेत. वर यूपीएस ओरडत होता. तो अर्धा तास टिकतो.

७ नोव्हें.
भोसरीचं सगळं तपासलं. जूनपासूनची प्रत्येक कॉपी अर्धवट. एकही उघडत नाही. या पाच महिन्यांत सर्व्हरच्या खोलीला आग लागली असती तर
पुढं लिहवत नाही.
सलीमभाईंवर राग काढायला खाली गेले. ते शांतपणे म्हणाले, "गुरुवारी काय चालतं ते मला कोण कधी बोललं?" खरंय. हा माणूस आग लागू नये म्हणून मेन काढत होता. आणि ‘पूर्ण झाली’ची दुसरी मेल मीच बंद केली होती, एका कामाला दोन मेल कशाला म्हणून. ‘सुरू झाली’ वाचायचं आणि खुशाल केसांना तेल लावत बसायचं, हे माझे गुरुवार.
आजच पूर्ण कॉपी काढली, भोसरीला पोचली, उघडून बघितली. यापुढं शुक्रवारी. दोन्ही मेल सुरू. सलीमभाई: "मग विषय संपला ना?"

१० नोव्हें., सोमवार
मीटिंग. साहेब सगळ्यांसमोर पुन्हा, "अकरा वर्षांत एकदाही नाही." माझ्याकडं बघून कौतुकानं हसले. मीही हसले. फार लाज वाटली.
जेवताना संजयला सगळं सांगितलं. "दुरुस्त झालंय ना? मग सांगून मिळणार काय? म्हणतील, साधं जमलं नाही नि बाईला महागाचं हवंय." नवरा माझ्या बाजूनं बोलतो तेव्हा जास्त त्रास होतो. कारण तो बोलला ते मी आधीच मनात बोलून झालेलं असतं.

१२ नोव्हें.
स्वस्त वाट सापडली असं वाटलं. काका भट्टीचं तापमान दर अर्ध्या तासाला वहीत लिहितात, कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनची पद्धत. म्हणजे डेटा गेला तरी वही आहे. मग दिवसाची कॉपी पुरे, आणि हूडही बसेल. खुशीत वही मागितली.
पानभर एकच आकडा. एकाच पेनानं, एका दमात, वरून खालपर्यंत.
"काका, हे दर अर्ध्या तासाला लिहिलंय?"
काकांनी वही मिटली. मग, "खोटं कशाला बोलू. शिफ्ट संपताना बसून लिवतो. आकडा हालतच न्हाई तर."
"आणि हलला तर?"
"तर तुमचा कॉम्प्युटर हायच की."
ते माझ्या भरवशावर, मी त्यांच्या. चांगलं झापणार होते, पण मला कसला अधिकार. एवढंच म्हटलं, उद्यापासून खरं लिहा. "व्हय," म्हणाले, आणि माझ्याकडं बघेनात.

१७ नोव्हें., सोमवार
प्लॅन झाला. भट्टीत माल असेल तेव्हा भट्टीच्या नोंदींची कॉपी दर दहा मिनिटांनी. बाकी कंपनीची दिवसातून एकदा. काका पहिल्याच दिवशी हेच म्हणाले होते. एकट्या भट्टीचा डेटा चिमूटभर, त्यामुळं खर्च इतका कमी आला की व्हेंडरला दोनदा फोन करून विचारलं. हूडही बसतं. साहेबांनी एक आकडा मागितला म्हणून मी दोन आठवडे एकच शोधत बसले. कमाल आहे माझी.
शेवटच्या, नवव्या पानावर फक्त एक परिच्छेद. जून ते नोव्हेंबर भोसरीची कॉपी होत नव्हती, माझ्या लक्षात आलं नाही, आता दुरुस्त केलंय. खाली माझं नाव. सलीमभाईंचं नाही. लिहून झाल्यावर डबा पूर्ण खाल्ला.

१९ नोव्हें.
साहेबांनी वाचला. शेवटच्या पानावर थांबले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"
"धीर झाला नाही."
"ठीक. आता मला कळलं, आपल्यात विषय मिटला. पण ऑडिटरला कशाला? त्यानं हे वाचलं तर ऑर्डर गेली समजा. मग कुठली भट्टीची कॉपी नि कुठलं हूड. परिच्छेद काढा, दोन्हींवर आत्ता सही करतो."
"त्यानं जुन्या कॉप्या मागितल्या तर?"
"नाही मागणार."
साहेब वाईट नाहीत. या ऑर्डरींवर किती घरं चालतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणाले, विचार करा, घाई नाही. घाई आहेच की, सोमवारी तो माणूस येतोय.
आत्तापर्यंत मी लोकांना विचारत होते, किती गेलं तर चालेल. आता मला विचारलंय. पाच महिने, आणि ते मीच पुसायचे.

२१ नोव्हें.
हूड मंजूर झालं असं कुणीतरी काकांच्या कानावर घातलंय. सकाळी टेबलावर घरच्या नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी. "लई वर्सं मागत हुतो मॅडम. तुमी केलं." अजून काही झालं नाही असं म्हणणार, तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं. बोलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.
जाताना वही दाखवली. पानावरचे आकडे पहिल्यांदाच वेगवेगळे. परवा एकदा बरंच खाली गेलं होतं, तर त्यांनी लॉट बाजूला काढून ठेवला.

२३ नोव्हें., रविवार
राहवलं नाही. दुपारी भट्टीवर जाऊन काकांना सगळं सांगितलं. गुरुवार, भोसरी, परिच्छेद, साहेबांची अट.
"पाच म्हयनं?"
"पाच महिने."
भट्टीच्या काट्याकडं बघत म्हणाले, "मला खरं लिवाया लावलं तुमी." राग होता की गंमत, कळलं नाही. मी जायला निघाले तेव्हा, "उन्हाळ्यात हितं उभं ऱ्हावत न्हाई. एवढं सांगून ठेवतो."
माझी सुटका करतील असं वाटलं होतं. त्यांनी का करावी?

२४ नोव्हें., सोमवार, सकाळ
ऑडिटर साडेदहाला. दोन प्रती काढल्यात, एक आठ पानांची, एक नऊ. संजयनं विचारलं, कुठली देणार? ठरलं नाही म्हटलं. त्यानं आणखी एक पोळी वाढली.
आठ पानांची दिली, ऑर्डर आली, हूड बसलं, काकांचा खोकला कमी झाला, तर मी चुकले असं कोण म्हणेल? मी सोडून कुणी नाही. नऊ पानांची दिली आणि ऑर्डर गेली, तर उद्या त्या धुरात जाऊन काकांसमोर उभं राहायचंय, तेही मलाच.
खाली कंपनीच्या बसचा हॉर्न. दोन्ही प्रती पिशवीत टाकल्यात. सही अजून एकीवरही केलेली नाही.