अकरा मीटर

सर, तुम्ही आखलेली फेरी दोनशे मीटरची नव्हती. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण हे ज्याला सांगावं असं दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. गेल्या महिन्यात मी लांब टेप मागून आणली आणि आपल्या शाळेच्या मैदानावरचे ते चुना लावलेले दगड धरून सगळी फेरी मोजली. एकशे एकोणनव्वद मीटर भरली. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजली, तेव्हाही तेवढीच.

तुम्ही दगड पुरलेत तो दिवस मला चांगला आठवतो, कारण दोर मीच आणला होता. मी नववीत होते. कारखान्याच्या ओव्हरसियरची टेप तुम्हाला एका दुपारपुरती मिळाली होती, तेवढ्यात तुम्ही आमच्या विहिरीचा काथ्याचा दोर अंगणात ताणून वीस मीटरवर गाठ मारून घेतलीत. दगड पुरायचे ठरले पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर. मधल्या दिवसांत आई त्याच दोराने पाणी शेंदत होती आणि त्या रविवारी तो पोहऱ्यासकट हौदात पडलेला होता. मी तसाच ओला खांद्यावर टाकून आणला. चर्चचा चांगला फ्रॉक भिजवला म्हणून नंतर आईच्या शिव्या खाल्ल्या. तुम्ही एक टोक माझ्या हातात देऊन म्हणताय, "घट धर गं, ढिला सोडू नको." आणि मी दात-ओठ खाऊन धरते. काथ्याचा दोर भिजला की आखडतो, हे पाणी शेंदणाऱ्या घरात कुणाला माहीत नसतं? मलाही माहीत होतं. तेव्हा डोक्यात आलं नाही, एवढंच.

तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तिची वेळ होती. पारनेरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी, तुमच्या आधीच्या शाळेतली विद्यार्थिनी, आपल्या भागातून पुढे देशासाठी परदेशात पळालेली पहिली बाई. नगरच्या मोठ्या मैदानावर ती शाळेकडून आठशे मीटर पळाली, ती वेळ तुम्ही स्वतः घड्याळ लावून घेतली होती. त्या पावसाळ्यात मी आपल्या दगडांभोवती चार फेऱ्या मारल्या आणि तुम्ही घड्याळ बघून मटकन खाली बसलात. मी तिच्या दोन सेकंद आधी आले होते. संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. "पोरगी तिच्या म्होरं गेली," म्हणालात. वडिलांना पळण्यातलं काही कळत नव्हतं. "सर म्हणत्यात तर असंल," म्हणून त्यांनी तुम्हाला चहा पाजला. पुढे कोपरगावला तालुक्याच्या स्पर्धेत मी चौथी आले, तेव्हा येताना एसटीत तुम्ही मला समजावलंत, "ग्राऊंड ओलं हुतं. तुझी वेळ आपल्याला ठावं हाय." शाळेच्या व्हरांड्यात पत्र्याच्या फळ्यावर माझं नाव आणि ती वेळ तुम्ही पेंटरकडून लिहून घेतलीत. ती ओळ अजून आहे.

त्या दोन सेकंदांवर मी आयुष्य काढलं, सर. ती पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा मी सासरी चुलीपुढे होते. तिला सरकारी नोकरी लागली तेव्हा मी दोन लेकरं आईकडे ठेवून पी.टी.चा कोर्स करत होते. तिचा फोटो पेपरात आला की मनात यायचं, दोन सेकंद मी पुढे होते, बाकी सगळं नशीब. नवऱ्याला ऐकवलं, मुलांना ऐकवलं, सुनेलासुद्धा सोडलं नाही. एकदा नगरला तिचा सत्कार होता, तिथे रांगेत उभी राहून मी खुद्द तिलाच ऐकवलं. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मंग पुढं का न्हाई आलीस गं?" मी लग्न, घर, गाव, सगळी कारणं सांगितली. ती हात न सोडता ऐकत राहिली. ते आठवलं की आता कानाच्या पाळ्या तापतात.

आता टेप का काढली, तेही सांगते. मी पी.टी. शिकवते त्या आपल्याच शाळेत नववीत एक मुलगी आहे. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ही वसतिगृहात राहते. गेल्या महिन्यात तिने चार फेऱ्या मारल्या आणि तुम्ही मला लग्नात दिलेल्या त्याच घड्याळात तिची वेळ माझ्यापेक्षा एका सेकंदाने कमी भरली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, हिचा कुठेतरी दगड चुकला असेल, ही आतून पळाली असेल. म्हणून मी फेरी मोजायला निघाले, आणि माझंच माप निघालं. चार फेऱ्यांचे चव्वेचाळीस मीटर. तेवढं पळायला मला तेव्हा आठ-नऊ सेकंद तरी लागले असते. कोपरगावचं मैदान ओलं नव्हतं, सर.

मग पोरीला मैदानावर बोलावलं. म्हटलं, दगड चुकलेत, तुझी वेळ धरता येणार नाही. ती चपला काढून उभी होती. "बाई, मंग दगड हालवू की. मी परत पळते," म्हणाली आणि पहार आणायला गेली. आम्ही दोघींनी मिळून दगड मागे सरकवले. ती पळाली, नऊ सेकंद जास्त लागले, आणि घड्याळात बघून मलाच म्हणते, "लई न्हाई बाई, निघतील." तिला काहीच वाटलं नाही. मी मात्र घरी येऊन जेवले नाही.

तुमच्यावर राग नाही. दोर मीच ओला आणला होता, आणि तुम्ही मला खोटं म्हणून काही दिलं नाहीत. तुम्ही असतात तर स्वतःच शिडी लावून तो फळा उतरवला असता, हेही मला माहीत आहे. हे पत्र घड्याळाच्या डबीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक राहिलं. काल शाळेत पेंटर फळा रंगवायला आला होता. फळ्यापाशी उभा राहून त्याने विचारलं, "बाई, ही वरली ओळ पुसायची ना?" मी त्याला म्हणाले, "राहू द्या. यंदा नुसती चौकट रंगवा."