नवव्या वर्षातला पूल

३ जून, सकाळी
मी पंतप्रधान झालो. पक्षाच्या सरचिटणीसांनी फोनवर पक्कं सांगितलं. म्हणाले, तुमच्या नावाला दोन्ही गटांची हरकत नाही, कारण तुमच्याबद्दल कोणालाच काही आठवत नाही. निष्कलंक कारकीर्द म्हणतात ती हीच. साहेबांवरचा खटला निकाली निघेपर्यंत सांभाळा, असंही म्हणाले. साहेब म्हणजे आमचे पक्षाध्यक्ष आणि कालपर्यंतचे पंतप्रधान. खटले वर्षानुवर्षं चालतात. देशाला अखेर स्थैर्य मिळालं.
संकल्प: रोज पाचला उठणे. तीस वर्षांची राष्ट्रीय योजना. वजन.

५ जून
सव्वाआठला उठलो.
ऑफिसातली खुर्ची साहेबांच्या मापाची, पाय जमिनीला टेकत नाहीत. शिपायाला ती खाली करायला सांगितली. म्हणाला, कशाला सर, परत वर करावी लागेल. एक नंबरचा कामचुकार.

११ जून
योजनेची प्रस्तावना झाली. ‘सरकार स्थिर आणि नेतृत्व खंबीर असेल तरच देश लांबचा विचार करू शकतो.’ वाक्य फर्मास जमलंय. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, अहो, ते भाड्याचं घर सोडायचं की ठेवायचं? म्हटलं, सोड. तिने ठेवलंय.

१९ जून
गावाहून ताईचा फोन. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटल नदीपलीकडे. इंजिनिअरने सांगितलंय, पुलाचा खांब खचतोय, आत्ता दुरुस्त करा, नाहीतर पूर आला की पूल बंद. ताई म्हणाली, बाळ्या, एवढी एक सही कर रे. मी म्हटलं, ताई, मी ठिगळं लावणारा नेता नाही. तुला सहा पदरी पूल देतो. योजनेत नवव्या वर्षी आहे. ती म्हणाली, नऊ वर्षं? अरे, माझा डॉक्टर पुढच्या सोमवारची तारीखसुद्धा पेन्सिलीने लिहितो.
बिचारी. आमच्या घरात लांबचा विचार मला एकट्यालाच जमतो.

२ जुलै
ऐतिहासिक दिवस. दोन्ही गटांचे मंत्री एकमेकांच्या मतदारसंघात एक वीट लागू देत नव्हते. शेवटी सचिवांनी सुचवलं, सर, सगळा खर्च सहाव्या वर्षापासून दाखवा, पहिली पाच वर्षं नुसती पूर्वतयारी. पाच वर्षं कुठेच काही होणार नाही हे कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. योजना एकमताने मंजूर. अर्थमंत्र्यांनी मिठी मारली. म्हणाले, इतकी स्वस्त योजना मी जन्मात पाहिली नाही.
ताईच्या पुलाची फाइलही समोर होती. सही करणारच होतो. सचिव म्हणाले, जुना पूल टिकला तर नवा मागेल कोण? बिनतोड मुद्दा. फेटाळली. शेरा लिहिला, ‘अल्पकालीन विचार.’ अक्षर सुंदर आलं.

२३ जुलै
पाचला उठणे हा विषय दुसऱ्या टप्प्यात घेतलाय.
भाच्याचा फोन. मामा, पूर आलाय, पूल बंद. आईला होडीने नेतो, पण पाणी चढलं की होडीवाला येत नाही. डायलिसिसची एक खेप चुकली, पाय सुजलेत. मामा, एकदा हेलिकॉप्टर पाठवता?
सख्ख्या बहिणीसाठी सरकारी हेलिकॉप्टर? उद्या घराणेशाहीचा आरोप होईल. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्याऐवजी नव्या पुलाचं रंगीत चित्र पाठवलं, फ्रेम करून.
हेलिकॉप्टर तसंही मोकळं नव्हतं. दुपारी त्यातून नव्या पुलाच्या जागेची हवाई पाहणी केली. ताईचं घर वरून छान दिसतं. अंगणातून कोणीतरी दोन्ही हात हलवत होतं. मीही हलवला.

९ ऑगस्ट
बायको म्हणाली, ताईंना पाणी उतरलं की इकडे आणू, बंगल्यात अकरा खोल्या रिकाम्या आहेत. तिला राजकारण कळत नाही. पंतप्रधानांच्या दारात अँब्युलन्स दिसली की लोकांना वाटतं नेतृत्व आजारी आहे. तिथेच शेअर बाजार कोसळतो. बायको दिवसभर बोलली नाही. योजनेच्या मुखपृष्ठाचं काम शांतपणे करता आलं.

२० ऑगस्ट
साहेब निर्दोष सुटले. मी अभिनंदनाचा फोन केला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? विनोदबुद्धी अजून शाबूत आहे. यापुढे ते मार्गदर्शकाच्या भूमिकेत राहतील असा माझा अंदाज.

२२ ऑगस्ट
राजीनामा दिला. स्वतःहून. मला त्रास नको म्हणून सरचिटणीसांनी तो टाइप करूनच आणला होता.
योजना मात्र राहणार! साहेब म्हणाले, उत्तम आहे, पाच वर्षं मला काहीच करावं लागत नाही. नेतृत्व बदललं तरी योजना चालू. स्थैर्य याहून वेगळं काय असतं?

२५ ऑगस्ट
आमच्या भागात पोटनिवडणूक लागली. साहेबांनी सकाळी नऊला जुन्या पुलाच्या दुरुस्तीवर सही केली. साडेनऊला फोटो. दुपारी माणसं कामाला लागली. इतक्या घाईत निर्णय घेणारा माणूस देशाला कुठे नेणार?
ताईच्या डायलिसिसच्या तीन खेपा चुकल्यात म्हणे. फोन करणार होतो. सामान हलवण्यात राहून गेलं.

२९ ऑगस्ट, सकाळी, नदीकाठी
ताई गेली. काल भाच्याने कळवलं.
सरकारी गाडी परत घेतलीय, बसने आलो. पुलावर काम जोरात चालू आहे. चालत जाऊ द्या म्हटलं तर मुकादमाने अडवलं. सांगितलं, अरे, मी गेल्या आठवड्यापर्यंत पंतप्रधान होतो. तो म्हणाला, असाल. हेल्मेट आहे का?
पूल पुढच्या सोमवारी पायी जाणाऱ्यांना खुला होईल.
होडी पलीकडच्या काठाला बांधलेली आहे. होडीवाला तिकडूनच ओरडला, पाणी उतरलं तर दहाला येतो. भाच्याला फोन केला, म्हटलं, दहापर्यंत थांबा. तो म्हणाला, मामा, साडेनऊला नेणार आहोत.